टचपॅड चालेना : दोष नेमका कुठे आहे हे कसे ओळखावे

लॅपटॉप चालू आहे, पडदा स्वच्छ दिसतो आहे, टाइप केलेली अक्षरे उमटत आहेत, पण टचपॅडवर कितीही बोट फिरवले तरी कर्सर जागचा हलत नाही, अशी वेळ लॅपटॉप वापरणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी येते. अशा वेळी ओळखीतले कुणी ‘फॉरमॅट मारून घ्या’ असे सुचवते, तर कुणी ‘टचपॅड गेला, बदलावा लागेल’ असे सांगून मोकळे होते, आणि दोष कुठे आहे हे दोघांनीही पाहिलेले नसते. माझा अनुभव असा की माझ्यासमोर ‘बिघडला’ म्हणून आलेल्या टचपॅडांपैकी पुष्कळसे बिघडलेले नव्हतेच. ते बंद केले गेले होते, आणि तेही वापरणाऱ्याच्याच हातून नकळत. म्हणून लॅपटॉप दुकानात नेण्याआधी घरच्या घरी कोणत्या क्रमाने काय पाहावे, आणि तोच क्रम का धरावा, हे येथे सविस्तर सांगतो आहे.

त्याआधी एक काम तातडीचे आहे, ते म्हणजे उघडी असलेली फाइल वाचवणे. त्यासाठी टचपॅडची गरज नसते. कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्या की फाइल जतन होते, ऑल्ट धरून टॅब दाबल्याने एका खिडकीतून दुसरीत जाता येते, आणि ऑल्ट व एफ४ या कळांनी समोरची खिडकी बंद होते. घरात तारेचा कोणताही जुना यूएसबी माऊस असेल तर तो जोडावा. बहुधा तो लगेच चालू लागतो आणि पुढची तपासणी सोपी होते. माऊसही नसेल आणि कीबोर्डच्या उजवीकडे अंकांच्या कळांचा वेगळा गट असेल, तर विंडोजमध्ये डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक या तीन कळा एकाच वेळी दाबाव्यात. समोर येणाऱ्या प्रश्नाला होकार दिला की त्या अंकांच्या कळांनी कर्सर चारी दिशांना सरकवता येतो. ही सोय हाताची हालचाल मर्यादित असलेल्या लोकांसाठी केलेली आहे, पण अडीअडचणीला ती कुणाच्याही उपयोगी पडते.

बोटापासून कर्सरपर्यंतचा रस्ता

दोष कुठे आहे हे समजायचे असेल तर टचपॅड काम कसे करतो हे थोडक्यात जाणून घ्यावे लागते. पुष्कळांना वाटते की टचपॅडला बोटाचा दाब कळतो, आणि म्हणून तो चालेनासा झाला की ते अधिक जोर लावून बोट घासू लागतात. वस्तुतः कर्सर हलण्याचा दाबाशी काहीही संबंध नाही. टचपॅडच्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली उभ्या-आडव्या विद्युत्‌वाहक रेषांची बारीक जाळी असते आणि तिच्यात अगदी अल्प प्रमाणात विद्युतभार खेळवलेला असतो. आपले शरीर विजेचे वाहक असल्यामुळे बोट जवळ आले की त्या जागेवरच्या विद्युतभारात किंचित फरक पडतो. जाळीला जोडलेली एक छोटी चिप हा फरक पुन्हा पुन्हा मोजत असते, आणि तो कोणत्या उभ्या व कोणत्या आडव्या रेषेपाशी पडला यावरून बोटाची जागा ठरवते. याचा पडताळा कुणालाही घेता येईल. चालू स्थितीतल्या टचपॅडवर लाकडी पेन्सिलीचे मागचे टोक कितीही दाबून फिरवले तरी कर्सर हलत नाही, आणि बोटाचा नुसता हलका स्पर्श झाला तरी तो धावतो. १९९४ मध्ये अ‍ॅपलच्या पॉवरबुक ५०० या मालिकेतल्या लॅपटॉपांवर असा टचपॅड आला. त्याआधी त्या कंपनीच्या लॅपटॉपांवर कर्सर हलवण्यासाठी बोटाने फिरवायचा एक गोळा बसवलेला असे. त्या गोळ्यात धूळ आणि हाताचा मळ साचून तो अडकत असे, ती कटकट टचपॅडमुळे संपली.

चिपने ठरवलेली बोटाची जागा एका पातळ, चपट्या रिबन केबलमधून मदरबोर्डकडे, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डकडे जाते. तेथून ती ड्रायव्हरकडे, म्हणजे त्या चिपची भाषा ऑपरेटिंग सिस्टिमला समजावून सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे पोहोचते. सर्वांत शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या सेटिंग्ज पाहून ठरवते की ही माहिती मानायची की सोडून द्यायची, आणि मगच कर्सर हलतो. या रस्त्यात कोठेही खंड पडला तरी आपल्याला दिसणारे दृश्य एकच असते, आणि म्हणूनच नुसते पाहून निदान करणारे लोक इतके चुकतात.

क्लिकचे मात्र वेगळे आहे. बहुतेक लॅपटॉपांत टचपॅडची पट्टी वरच्या कडेला बिजागरीसारखी अडकवलेली असते आणि खालच्या कडेपाशी तिच्याखाली एक छोटा यांत्रिक स्विच असतो. त्यामुळेच वरच्या बाजूला दाबले तर क्लिक होत नाही आणि खाली दाबले तर ‘टक्’ असा आवाज येतो. २०१५ पासून अ‍ॅपलने आपल्या मॅकबुकांत याहून निराळी रचना आणली. तिच्यात पट्टी खाली जातच नाही, दाब संवेदकांनी मोजला जातो, आणि आतल्या बारीक कंपनामुळे बोटाला क्लिक झाल्याचा भास होतो. असा मॅकबुक बंद असताना टचपॅड दाबला तर तो दगडासारखा घट्ट लागतो. हा बिघाड नव्हे, कारण वीजच नसेल तर कंपन होणार तरी कसे?

लक्षण आधी नीट पाहावे

‘टचपॅड चालत नाही’ या तीन शब्दांत निदान तीन-चार वेगवेगळे आजार दडलेले असतात. कर्सर मुळीच हलत नसेल तर एखादे बटण, सेटिंग, ड्रायव्हर किंवा केबल यांपैकी कशावर तरी संशय घ्यावा. कर्सर हलतो, पण थरथरतो, उड्या मारतो किंवा आपोआप क्लिक होते, अशी तक्रार असेल तर रस्ता शाबूत आहे आणि मोजणीत गडबड आहे. तेव्हा ओलावा, तेलकटपणा, चार्जर आणि अर्थिंग यांच्याकडे पाहावे. कर्सर व्यवस्थित फिरतो पण क्लिक होत नाही, किंवा पट्टी दाबायला जड झाली आहे, असे असेल तर लॅपटॉप एका बाजूला ठेवून पुढचे काहीही करण्याआधी खाली दिलेला बॅटरीविषयीचा भाग वाचावा. आणि सकाळी चालणारा टचपॅड झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर बंद पडत असेल, पण रीस्टार्ट केल्यावर ठीक होत असेल, तर तो जवळजवळ नेहमी ड्रायव्हरचा प्रश्न असतो. लक्षण कधी सुरू झाले हेही आठवून पाहावे. विंडोजचे अपडेट झाल्यावर, रॅम वाढवून आणल्यावर, चहा सांडल्यावर की काहीही न होता? या एका प्रश्नाच्या उत्तरात बऱ्याचदा निम्मे निदान असते.

बंद केलेला टचपॅड

कर्सर मुळीच हलत नसेल तर सर्वांत आधी कीबोर्डची वरची ओळ निरखून पाहावी. एफ१ ते एफ१२ या कळांपैकी एखादीवर टचपॅडचे छोटे चित्र असते, म्हणजे एक चौकट, तिच्यावर बोट, आणि कधी कधी तिरपी रेघ. ती कळ एकटी किंवा डाव्या कोपऱ्यातल्या एफएन कळेसोबत दाबली की टचपॅड बंद किंवा चालू होतो. कोणती कळ हे कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलते, म्हणून चित्र शोधणे हाच खात्रीचा उपाय आहे. आवाज कमी करायला जाताना किंवा कीबोर्ड फडक्याने पुसताना ही कळ दाबली जाते आणि कुणाच्या ध्यानीमनीही नसते. एचपीच्या जुन्या कित्येक लॅपटॉपांत तर टचपॅडच्याच डाव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका किंवा दिवा असतो. तेथे दोनदा टिचकी मारली की टचपॅड बंद होतो आणि दिवा नारिंगी होतो. पुन्हा दोनदा मारली की चालू.

कळ ठीक असेल तर सेटिंग्जकडे वळावे. विंडोज ११ मध्ये विंडोज कळ धरून आय दाबावे, ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ या विभागात जावे आणि तेथील ‘टचपॅड’ या पानावरचा स्विच चालू आहे का ते पाहावे. माऊस नसेल तर टॅब कळेने एका ठिकाणाहून दुसरीकडे जाता येते, बाणांच्या कळांनी वरखाली सरकता येते आणि स्पेस दाबून स्विच बदलता येतो. याच पानावर ‘माऊस जोडलेला असतानाही टचपॅड चालू ठेवा’ अशा अर्थाची एक चौकट आहे, आणि तिच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्या लॅपटॉपचा टचपॅड तीन दिवस बंद होता आणि दुकानदाराने टचपॅड बदलण्याचा खर्च सांगितला होता. मी विचारले, “सर, तुम्ही माऊस वापरता का?”

“वापरत होतो. पण त्याचा सेल संपला, म्हणून कपाटात ठेवून दिला.”

“आणि त्याचा तो छोटा तुकडा, यूएसबीत लावायचा?”

सरांनी लॅपटॉप उचलून उजवी कड पाहिली. यूएसबीच्या खाचेत नखाएवढा काळा रिसीव्हर तसाच बसलेला होता, जेमतेम चार-पाच मिलिमीटर बाहेर. माऊस कपाटात, त्याचा सेल संपलेला, पण लॅपटॉपच्या दृष्टीने रिसीव्हर म्हणजेच माऊस. आणि ती चौकट रिकामी असल्यामुळे विंडोजने टचपॅड इमानाने बंद ठेवला होता. रिसीव्हर उपसल्याबरोबर कर्सर हलला. मॅकबुकमध्येही असेच एक सेटिंग ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ विभागातल्या ‘पॉइंटर कंट्रोल’मध्ये असते, आणि ते चालू असेल तर बाहेरचा माऊस जोडलेला असेपर्यंत अंगचा टचपॅड गप्प राहतो. जोडून ठेवलेला ब्लूटूथ माऊसही हाच परिणाम करतो, मग तो शेजारच्या खोलीत का पडलेला असेना.

पडदा पूर्ण मागे वळवून टॅबलेटसारखे वापरता येणारे लॅपटॉप असतात, त्यांची आणखी एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. पडदा किती मागे गेला हे त्यांना संवेदकांवरून कळते आणि ठरावीक कोनानंतर ते कीबोर्ड व टचपॅड दोन्ही मुद्दाम बंद करतात. यातले काही संवेदक चुंबकावर चालतात. मोबाइलच्या कव्हरचे चुंबक किंवा चुंबकाचा फासा असलेले ब्रेसलेट तळहाताच्या जागेजवळ आले तर लॅपटॉपचा गैरसमज होऊ शकतो. कीबोर्ड आणि टचपॅड एकदमच बंद पडले असतील तर टचपॅडला दोष देण्याआधी आजूबाजूच्या वस्तू दूर करून पाहाव्यात.

आणखी एक तक्रार वरचेवर ऐकू येते, ती म्हणजे टाइप करताना किंवा गेम खेळताना कळ दाबून धरली की टचपॅड थांबतो. हे मुद्दाम केलेले असते. टाइप करताना तळहाताचा स्पर्श होऊन कर्सर भलतीकडे जाऊ नये म्हणून विंडोज त्या वेळेपुरता टचपॅडकडे दुर्लक्ष करते. त्याच पानावरची संवेदनशीलता सर्वांत वरच्या पायरीवर नेली की हा अडथळा बराच कमी होतो.

रीस्टार्ट, ड्रायव्हर आणि बायोस

सेटिंग्ज ठीक असतील तर लॅपटॉप रीस्टार्ट करावा, आणि येथे शब्द नेमका वापरतो आहे. विंडोज ८ पासून ‘शटडाउन’ केल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते, म्हणजे पुढच्या वेळी लॅपटॉप लवकर सुरू व्हावा. त्यामुळे अडखळलेला ड्रायव्हर शटडाउन करूनही त्याच अडखळलेल्या अवस्थेत परत येऊ शकतो. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळे पहिल्यापासून सुरू होते. ‘चार वेळा बंद करून चालू केला, तरी फरक नाही’ असे सांगणाऱ्यांनी बहुधा एकदाही रीस्टार्ट केलेला नसतो.

त्यानेही काम झाले नाही तर लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर आणि जोडलेली सगळी उपकरणे काढावीत, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी, आणि चालू करण्याचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे. आत शिल्लक राहिलेला विद्युतभार निघून जातो आणि टचपॅडच्या चिपसह सगळे भाग नव्याने जागे होतात. हा जादूटोणा वाटतो खरा, पण चिपचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम अडकून पडला असेल तर तिची वीज पूर्ण तोडणे हाच त्यावर इलाज असतो.

ड्रायव्हर पाहण्यासाठी विंडोज कळ धरून एक्स दाबावे आणि मग एम दाबावे, म्हणजे ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडतो. तेथे टचपॅड ‘माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस’ या शीर्षकाखाली किंवा ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’खाली असतो. नावाशेजारी पिवळा त्रिकोण दिसला तर उपकरण सापडले आहे पण त्याच्याशी बोलणे जमत नाही, असा अर्थ घ्यावा. अपडेटनंतर बिघाड सुरू झाला असेल तर त्या नावाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेण्याचा पर्याय वापरावा. तो उपलब्ध नसेल तर उपकरण तेथून काढून टाकून रीस्टार्ट करावे. विंडोज ते पुन्हा शोधते आणि ड्रायव्हर नव्याने बसवते. नवा ड्रायव्हर हवाच असेल तर तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपला मॉडेल क्रमांक घालूनच घ्यावा. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अद्ययावत करतो’ असे सांगणारे फुकटचे प्रोग्रॅम कृपया उतरवून घेऊ नयेत. टचपॅड तर सुरू होत नाहीच, वर नको ते सोबत येते.

येथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. आजच्या बऱ्याच लॅपटॉपांत टचपॅड मदरबोर्डशी आय-टू-सी नावाच्या पद्धतीने बोलतो. ही पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये, उपकरणातल्या चिपांनी मोजक्या तारांवरून एकमेकींशी संवाद साधावा म्हणून तयार केली. म्हणजे येथे दोन ड्रायव्हर लागतात, एक टचपॅडचा आणि दुसरा ज्या तारांवरून तो बोलतो त्या तारा सांभाळणाऱ्या चिपसंचाचा. विंडोज नव्याने टाकल्यावर हा दुसरा ड्रायव्हर नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये टचपॅडचे नावसुद्धा दिसत नाही आणि माणूस घाबरतो. ‘फॉरमॅट मारल्यावर टचपॅड गेला’ या तक्रारीचे हे नेहमीचे कारण आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरून चिपसंचाचे किंवा ‘सीरियल आयओ’ नावाचे ड्रायव्हर आधी बसवले की टचपॅड परत येतो. तेव्हा विंडोज नव्याने टाकायला बसताना तारेचा माऊस हाताशी ठेवावा.

बायोस म्हणजे विंडोज सुरू होण्याच्या आधीची सेटिंग्ज. लॅपटॉप सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट यांपैकी कंपनीने ठरवलेली कळ दाबून तेथे जाता येते. काही लॅपटॉपांत टचपॅड चालू-बंद करण्याची सोय तेथेही असते. एसरच्या अनेक मॉडेलांत टचपॅडसाठी ‘बेसिक’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असे दोन पर्याय असतात. पहिल्यात तो जुन्या पद्धतीच्या माऊससारखा वागतो आणि दुसऱ्यात आय-टू-सी वापरतो. एकात चालत नसेल तर दुसरा लावून पाहण्याने पुष्कळांचे काम झालेले आहे. बायोसमधले इतर काही समजत नसेल तर मात्र त्याला हात लावू नये.

अजूनही शंका असेल, तर दोष यंत्रात आहे की विंडोजमध्ये, याचा निवाडा करणारी एक उत्तम चाचणी आहे. विंडोजऐवजी वापरता येणारी उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, ती लॅपटॉपवर न बसवता नुसती ‘वापरून पाहा’ या पर्यायाने सुरू करता येते. तेथे टचपॅड चालला तर यंत्र ठणठणीत आहे आणि सगळा दोष विंडोजकडचा आहे. तेथेही, आणि बायोसमध्ये पर्याय बदलूनही, तो मुळीच हलला नाही, तर केबल किंवा टचपॅड यांच्यावरचा संशय पक्का होतो. अर्धा तास लागतो, पण हा अर्धा तास न दिल्यामुळे चांगले टचपॅड बदलले गेलेले मी पाहिले आहेत.

चार्जर लावला की कर्सर नाचतो

आता थरथरणाऱ्या कर्सरविषयी. आपल्याकडे या तक्रारीचे मूळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये असू शकते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. चाचणी सोपी आहे. कर्सर नाचत असताना चार्जरची पिन लॅपटॉपमधून काढावी. कर्सर तत्काळ शांत झाला तर टचपॅड निर्दोष आहे.

कारण असे. लॅपटॉपचा चार्जर २३० व्होल्टचा प्रवाह अतिशय वेगाने चालू-बंद करत करत त्याचे १९-२० व्होल्टमध्ये रूपांतर करतो. या वेगवान चालू-बंद होण्यातून विद्युत् गोंगाट निर्माण होतो आणि त्याला वाट करून देण्यासाठी चार्जरच्या आत एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. तीन पिनांच्या चार्जरमध्ये हा गोंगाट शेवटी अर्थिंगच्या, म्हणजे वरच्या जाड पिनेच्या वाटेने जमिनीत जावा अशी अपेक्षा असते. अर्थिंग नसेल तर तो लॅपटॉपच्या अंगावरच राहतो. धातूचे अंग असलेल्या लॅपटॉपवरून मनगट फिरवताना झिणझिण्या येतात, त्या याच्याच. अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या चार्जरवरही तसे जाणवू शकते. प्रवाह इतका अल्प असतो की चांगल्या चार्जरमध्ये तो धोक्याचा नसतो. पण टचपॅडची चिप ज्या फरकावरून बोट ओळखते तो फरकही तितकाच अल्प असतो, आणि या गोंगाटात तिला खरे बोट कोणते आणि खोटे कोणते हे कळेनासे होते.

जुन्या वाड्यांत, चाळींत आणि कधी कधी नव्या इमारतींतही सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्याच्यामागे तार जोडलेलीच नसते. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डांतही हाच प्रकार आढळतो. काही जण तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवायला जोडणारा तुकडा वापरतात आणि तेथेच अर्थिंग सुटते. म्हणून आधी चार्जर दुसऱ्या घरातल्या किंवा कार्यालयातल्या खात्रीच्या सॉकेटवर लावून पाहावा. तेथे कर्सर शांत राहिला तर लॅपटॉप दुरुस्तीला देण्याऐवजी वायरमनला बोलवावे आणि घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. ते टचपॅडपेक्षा फ्रिज, गीझर आणि घरातल्या माणसांसाठी अधिक गरजेचे आहे. सगळीकडे कर्सर नाचत असेल तर चार्जर बदलून पाहावा, आणि तो कंपनीचा किंवा तोडीचा असावा.

पावसाळ्यातली दमट हवा, घामट बोटे, हाताला लावलेले क्रीम किंवा तेल यांनीही मोजणी बिघडते. लॅपटॉप बंद करून, मऊ कापडाला अगदी थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टचपॅड पुसावा आणि कडेच्या फटीत काही झिरपू देऊ नये. दुकानात हौसेने चिकटवून घेतलेले जाड स्टिकर टचपॅडवर आले असेल तर ते काढावे. एवढ्यावर ही बाब संपते.

फुगलेली बॅटरी

या लेखातला हा भाग कुणी वगळू नये, अशी कळकळीची विनंती आहे. आजच्या पुष्कळ लॅपटॉपांत तळहात टेकण्याच्या जागेखाली आणि टचपॅडच्या अगदी खाली लिथियम-आयन बॅटरी असते. बॅटरी जुनी झाली, सतत तापत राहिली किंवा तिच्यात दोष निर्माण झाला की आतल्या द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि तिची मऊ पिशवी फुगू लागते. तिला वर सरकायला जागा मिळते ती टचपॅडकडे. सुरुवातीला क्लिक जड होते, कारण खालून पट्टीला खाली जायला जागाच उरत नाही. मग क्लिक आपोआप दाबलेले राहते. पुढे पट्टीची एक कड शेजारच्या प्लास्टिकपेक्षा किंचित वर दिसू लागते, लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला तर डुगडुगतो, झाकण नीट मिटत नाही.

पाहण्याची रीत अशी : लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीवर आणून टचपॅडच्या पृष्ठभागावरून तिरपे पाहावे आणि त्यावर एक सरळ पट्टी आडवी ठेवावी. पट्टी मध्यावर टेकून दोन्ही टोकांना अधांतरी राहिली तर टचपॅडला पोट आले आहे. असे दिसले तर लॅपटॉप लगेच बंद करावा, चार्जर काढावा, पुन्हा लावू नये, आणि फुगवटा दाबून बसवण्याचा प्रयत्न चुकूनही करू नये. बॅटरीला टोचले किंवा वाकवले तर ती पेट घेऊ शकते. लॅपटॉप गादीवर किंवा कागदांच्या गठ्ठ्याजवळ न ठेवता फरशीवर ठेवावा आणि बॅटरी जाणकाराकडून बदलून घ्यावी. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला ती जमा करून घेण्यास सांगावे. अनेकदा बॅटरी बदलताच टचपॅड पुन्हा पहिल्यासारखा क्लिक होऊ लागतो. त्याचा स्वतःचा काहीच दोष नसतो.

उघडून पाहण्याची वेळ

रॅम किंवा एसएसडी (माहिती साठवणारा भाग) बदलून आणल्यानंतर टचपॅड बंद पडला असेल तर रिबन केबल नीट बसलेली नाही, असे जवळपास धरूनच चालावे. ही केबल कागदासारखी पातळ असते आणि तिच्या जोडणीला नखाने उचलायची एक इवलीशी कडी असते. कडी उचलून केबल सरळ आत सरकवायची आणि कडी पुन्हा मिटायची, एवढेच काम. पण केबल अर्धा मिलिमीटर तिरकी राहिली तरी संपर्क होत नाही, आणि कडी न उचलता ओढली तर तीच तुटते. ज्याने आधी लॅपटॉप उघडला होता त्याच्याकडेच तो परत न्यावा; हे काम पुन्हा पैसे घेण्याजोगे नाही. चहा किंवा पाणी सांडले असेल तर लॅपटॉप ताबडतोब बंद करून, चार्जर काढून उघडवून घ्यावा. सुकला की चालेल म्हणून दोन दिवस थांबून चालू करण्यात नुकसान वाढते, कारण चहातली साखर आणि क्षार आत तसेच राहतात आणि जोडण्या खात बसतात.

दुकानात जाताना तेथे सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. लक्षण नेमके काय आहे, ते कधीपासून आहे, चार्जर काढल्यावर फरक पडतो का, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव दिसते का, आणि पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये टचपॅड चालला का. काही मॉडेलांत टचपॅड सुटा मिळतो, तर काहींत तळहात टेकण्याच्या संपूर्ण वरच्या भागासह घ्यावा लागतो, आणि दोहोंच्या किमतीत बराच फरक असतो. म्हणून आपल्या मॉडेलला कोणता लागतो हे आधीच विचारावे. माहिती जपण्यासाठी बॅकअप घेतल्याशिवाय लॅपटॉप सोडून येऊ नये. आणि टचपॅड बदललाच तर काढलेला जुना भाग परत मागावा, आपल्यासमोर.